भस्माच्या पट्ट्यावर सुई

धरणात गाळ साचतो, तसे नोकरीत किस्से साचतात. गाळ किती साचला हे खातं अधूनमधून मोजतं तरी. किश्श्यांचं मोजमाप कोणी करत नाही, आणि निवृत्तीनंतर एखाद्या संध्याकाळी सोलापुरात चार मित्र जमले, चहा झाला, की दरवाजे उघडावे लागतात. परवा आमच्याकडे असंच झालं. कोकणातला एक पाहुणा होता. तो म्हणाला, "तुम्हा सोलापूरकरांना बोटीतलं काय कळणार?"

मी म्हटलं, बस. आता ऐकूनच जा.

सत्तर सालानंतरची गोष्ट. मोठा दुष्काळ नुकताच मागे पडला होता आणि आमच्या जिल्ह्यात भीमेचं पाणी पहिल्यांदाच धरणात अडलं होतं. मी बार्शीचा, नवाकोरा ओव्हरसियर. बार्शीत पाणी म्हणजे नळाला येतं ते, आणि तेही आलं तर. आमचे साहेब देशमुख, उपअभियंता. त्यांनी समुद्र पाहिला होता, पण लग्नानंतर एकदाच, आणि किनाऱ्यावरूनच. अशा आमच्या हाती खात्यानं एक डिझेल लाँच दिली. पाण्याची खोली मोजायला म्हणून.

पण पाणी वाढलं आणि पलीकडच्या एका वाडीचा रस्ता बुडाला. सगळी मेंढरं राखणारी, कोरडवाहू करणारी माणसं. बुधवारचा बाजार अलीकडच्या तीरावर, दवाखाना अलीकडे, शाळा अलीकडे. वळसा घालून यायचं तर दिवस जायचा. देशमुखसाहेबांनी कोणाला न विचारता बुधवारी लाँच वाडीला लावायला सुरुवात केली. पुढं हे वर कळलं आणि निरोप आला: मुंबईहून तपासणी होईल. लाँचचा प्रवाशांसकटचा वेग किती, सुखाचा वेग कोणता, हे सिद्ध करून दाखवा. आकडा खरा निघाला तर वाडीची फेरी कायम. खोटा निघाला तर लाँच समुद्रकाठच्या कामावर रवाना.

म्हणजे वाडीचा बाजार, दवाखाना आणि शाळा, सगळं आमच्या एका आकड्यावर येऊन बसलं. आणि वेग मोजायचा कसा, हे आमच्यात कोणालाच ठाऊक नव्हतं!

०

पहिल्यांदा लाँच पाण्यात सोडली तेव्हाचं ऐका. चालवायला माणूस कुठून आणणार? आमच्या जीपचा ड्रायव्हर गेनबा, वैरागचा. त्यालाच साहेबांनी लाँचवर बसवलं. इंजिनावर मैंदर्गीचे शिवप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणत. गावाकडं त्यांची पिठाची गिरणी चालवण्यात हयात गेलेली. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, बोलण्यात निम्मं कानडी.

नारळ फुटला, पेढे वाटले, लाँच निघाली. सुंदर निघाली. काठावर टाळ्या पडल्या. एक चक्कर मारून गेनबा परत किनाऱ्याकडे आला आणि तसाच येत राहिला. साहेब हात हलवून थांब म्हणतायत, गेनबा मान डोलावतोय, आणि लाँच काठावरच्या बाभळीत घुसली.

सगळे धावलो. गेनबा सीटवर ताठ बसलेला, उजवा पाय फळीवर गच्च दाबून धरलेला. बाभळीचा काटा कानाला लागून रक्त येत होतं.

"काय झालं रे?"

"ब्रेक लागंना, साहेब."

ब्रेक नव्हताच. पाण्यावर थांबायचं असेल तर आधीच इंजिनाचा जोर काढून घ्यावा लागतो आणि लाँचला आपल्या पायानं येऊ द्यावं लागतं, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. गेनबा पुढं इतका तरबेज झाला की लाँच काठाला लागली हे प्रवाशांना उतरायची फळी पडल्यावर कळायचं. पण उजवा पाय फळीवर दाबायची सवय काही गेली नाही. लाकूड झिजून तिथं खळगा पडला होता.

०

लाँचवर घड्याळासारखा एकच काटा होता. तो इंजिनाचे फेरे दाखवायचा, मिनिटाला किती ते. पण हे आम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि विचारायला कमीपणा वाटत होता. गेनबानं जीपच्या हिशेबानं ठरवून टाकलं की हाच स्पीडचा काटा.

निरोप आल्याच्या दुसऱ्याच दिवशी आम्ही मोजायला निघालो. साहेब पुढच्या बाकावर, मी वही-पेन्सिल घेऊन मागं. अप्पांनी इंजिन सुरू केलं, वेगाचा दट्ट्या पुढं सारला, काटा सरसर चढला.

"हजार चाललीया, साहेब," गेनबा ओरडला.

"आणखी."

"पंधराशे!"

इंजिनाचा आवाज असा की शेजारच्याचं ऐकू येईना. मागं पाण्याला उकळी फुटलेली. अप्पा अभिमानानं म्हणाले, "आमच्या गिरणीलाबी एवढा दम नव्हता बघा की." साहेबांनी टोपी घट्ट धरली. मी आकडे लिहीत होतो. वाऱ्यानं डोळ्यांत पाणी येत होतं आणि मला मनापासून वाटलं की आपण उडतोय.

तेवढ्यात काठावरून एक बाई हातवारे करताना दिसली. वाडीची कोंडाबाई. हिची ओळख करून देतो: वाडीतली सगळ्यात थोर बाई. वयानं नव्हे, जिभेनं. अंडी, कोंबड्या, लोकर, जे असेल ते विकायला दर बुधवारी अलीकडे यायची, आणि वाडीच्या वतीनं आमच्याशी काय बोलायचं ते हीच बोलायची.

अप्पांनी इंजिन हळू केलं. कोंडाबाईचा आवाज आला, अगदी जवळून.

"आरं, मगाधरनं हितंच हायसा की. दावं कोन सोडनार?"

मागचा दोर बाभळीच्या बुंध्याला तसाच बांधलेला होता. काटा पंधराशेवर, आणि लाँच जागच्या जागी. मी वहीचं पान फाडलं. साहेब त्या दोराकडे बघत म्हणाले, "इंजिन किती पळतंय आणि लाँच किती पळतेय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आज हे पक्कं झालं."

साहेबांचं हे मला फार आवडायचं. फजिती झाली की ते तिला पाठ समजून पुढं जायचे.

०

मग साहेबांनी कुठून तरी माहिती आणली. पूर्वी खलाशी दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारायचे, दोरीच्या टोकाला लाकूड बांधून ते पाण्यात टाकायचे आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून सरकल्या ते मोजायचे. जितक्या गाठी तितका वेग. एक गाठ म्हणजे तासाला दोन किलोमीटरला थोडं कमी. लाकूड पाण्यात जागेवर राहतं, लाँच पुढं जाते, दोरी सुटत जाते. साधी गोष्ट.

"मग आपणबी करू की," गेनबा म्हणाला.

आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा बांधतात. सगळे त्यावरच शिकलेलो. तेव्हा पाण्यावर तरंगायचं म्हटल्यावर आम्हाला लाकूड कशाला सुचेल? बाजारातून छान, हलका, खणखणीत भोपळा आणला, सुतळीला गाठी मारल्या, आणि निघालो. दोर सोडला की नाही ते तिघांनी तपासलं.

जाताना वेग इतका भरला की साहेब खूश. येताना मोजला तर निम्मा! पुन्हा गेलो, पुन्हा जास्त. पुन्हा आलो, पुन्हा कमी. काटा तोच, माणसं तीच.

गेनबा म्हणाला, "येताना अप्पा इंजिन बारीक करतोय."

अप्पा म्हणाले, "येताना ह्यो झोपतोय."

दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलले नाहीत. मधे उभा राहून मी निरोप द्यायचो, "अप्पा, गेनबा म्हणतोय इंजिन वाढवा." आणि दोघांच्यात अंतर हातभर.

तिसऱ्या दिवशी भोपळा काठावरच्या दगडावर आपटला आणि त्याला चीर पडली. दुसरा आणायला वेळ नव्हता. तसाच टाकला. आत पाणी शिरलं, भोपळा देठापर्यंत बुडाला आणि नुसतं देठ वर राहिलं. आम्ही वैतागूनच मोजलं. जाताना जेवढा वेग, येतानाही जवळपास तेवढाच!

सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. मग डोक्यात प्रकाश पडला. कोरडा भोपळा पाण्यावर टेकून असतो. वारा त्याला ढकलतो, सुतळी त्याला ओढते, तो जागेवर राहतोय कुठं? वारा समोरून आला की भोपळा मागं पळायचा आणि आम्हाला वाटायचं लाँच पळाली. पाणी भरलेला भोपळा पाण्यातच रुतून बसतो, वाऱ्याला दाद देत नाही.

अप्पांनी भोपळा हातात घेतला, पुसला, आणि गेनबाकडे बघून म्हणाले, "चांगला भोपळा खोटं बोलून भांडण लावतंय, आणि फुटका खरं सांगतंय. काय म्हणावं ह्याला?"

गेनबानं तंबाखूची डबी पुढं केली. समेट झाला.

०

पण भोपळ्याचा आकडा एकटा टिकणार नाही, असं साहेबांचं मत पडलं. तपासणीवाले विचारतील, काठावरच्या दोन खुणांमधलं अंतर मोजून, घड्याळ लावून तपासलं का? म्हणून मी अलीकडच्या काठावर एक निशाण रोवलं आणि पलीकडे वाडीच्या धक्क्यावर दुसरं. मधलं अंतर मी स्वतः दुर्बिणीनं सर्व्हे करून काढलं. त्यात चूक नव्हती, हे आजही छातीठोक सांगतो.

लाँच सोडली, घड्याळ लावलं, पोचलो. भोपळ्यानं सांगितलेल्या वेगापेक्षा बराच कमी भरला. परत येताना तोच प्रकार. साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला सहन झाली नाही. मी पुन्हा सर्व्हे केला. अंतर तेच आलं.

चौथ्या फेरीला मी काठावर थांबलो आणि दुर्बिणीतून लाँचकडे बघत राहिलो. लाँच निघाली. थोडी पुढं गेली आणि डावीकडे वळली. मग सरळ. मग सावकाश उजवीकडे. मग, तुमचा विश्वास बसणार नाही, भर पाण्यात, जिथं चारी बाजूंना काही म्हणजे काही नव्हतं, तिथं गेनबानं भोंगा वाजवला आणि मोठं वळण घेतलं.

परत आल्यावर मी त्याला बाजूला घेतलं. "गेनबा, सरळ का जात नाहीस?"

"रस्त्यानंच जातुया की."

"कुठला रस्ता?"

"आपला जुना रस्ता. जीपनं जात हुतो त्यो. हितं पाण्याखाली हाय. त्या चिंचंपाशी वळान लई वंगाळ, म्हनून भोंगा दिला."

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. गेनबा पाण्याकडे बघत होता. त्याला तिथं चिंच दिसत होती.

साहेबांनी त्याला समजावलं की पाण्यावर रस्ता नसतो, निशाणावर नजर ठेवायची आणि सरळ जायचं. गेनबानं सगळं ऐकून घेतलं. मग जरा घुटमळून म्हणाला, "जातो की, साहेब. पर सरळ गेलं तर पाटलाच्या उभ्या वावरातनं जावं लागतंय. उगं शिव्या देतील."

ते पाटील आमच्यामागंच उभे होते. धरणात जमीन गेलेले. पाटलांनी पागोटं सारखं केलं, पाण्यावर एक नजर टाकली आणि म्हणाले, "जा रं, गेनू. आता पिकाला धक्का न्हाय."

त्या फेरीला लाँच सुतासारखी सरळ गेली. वेळ आणि भोपळा, दोघांचा आकडा जुळला. पाटलांना साहेबांनी हाताला धरून लाँचमध्ये घेतलं होतं, ती फेरी त्यांनी उभ्यानं केली.

०

आकडा मिळाला. पण कशाचा? लाँचबरोबर आलेल्या कंपनीच्या कागदात जो वेग छापला होता त्याच्या जवळपासही आम्ही नव्हतो. साहेब म्हणाले, "तपासणीवाला कागद वाचून येणार. पूर्ण ताकद लावून बघू."

अप्पांना हे पसंत नव्हतं. गिरणीवाल्याला आवाजावरून दगड तापलेला कळतो. पण हुकूम तो हुकूम. त्यांनी दट्ट्या शेवटपर्यंत सारला.

लाँचचं नाक वर गेलं, बूड खाली बसलं. मी बाकावरून घसरत साहेबांच्या मांडीवर. मागं आमच्या उंचीएवढी लाट उठली आणि ती आम्हाला सोडेना, शेपटासारखी मागं मागं यायला लागली. डिझेल असं संपत होतं की अप्पा टाकीच्या काचेकडे बघून "साकु, साहेब, साकु" करत होते. मला कानडी येत नाही, पण पुरे, पुरे हे कळायला भाषा लागत नाही. आणि एवढं करून वेग किती वाढला? भोपळ्यानं मोजला तर जेमतेम अर्धी गाठ.

पुढचं आणखी वाईट. ती लाट काठाला गेली. काठावर वाडीच्या बायकांनी धुणं वाळत घातलं होतं. लाट आली आणि लुगडी घेऊन गेली.

अख्खी दुपार आम्ही पाण्यातून लुगडी गोळा करत होतो. सरकारी लाँच, सरकारी साहेब, आणि हातात गळ लावलेली काठी. प्रत्येक लुगडं काठावर नेलं की कोंडाबाई ते उलगडून सगळ्यांना दाखवायची, कोणाचं ते ओळखून घ्यायची, आणि मग साहेबांना म्हणायची, "हां. अजून हाईत."

शेवटचं लुगडं मिळाल्यावर ती म्हणाली, "सायेब, गाडी पळवायचीया का पाणी? पाण्याला कशापायी पळवताय? त्ये काय तुमच्या आधी बाजाराला जानार हाय?"

साहेबांनी त्या रात्री आम्हाला समजावून सांगितलं ते मला आजही याच शब्दांत आठवतं. प्रत्येक लाँचची एक मर्यादा असते. तिथवर इंजिन लाँचला ढकलतं. त्यापुढं ते नुसत्या लाटा तयार करतं. कंपनीचा कागद रिकाम्या लाँचचा, सपाट पाण्यातला, आणि बहुतेक कंपनीच्या मनातला होता.

कागद त्यांनी कपाटात ठेवून दिला, तो पुन्हा काढला नाही.

०

मग सुखाचा वेग कोणता? हळू गेलं की बरं, असं आम्ही समजत होतो. तेही खोटं निघालं. अगदी हळू गेलो की आडव्या वाऱ्यानं लाँच पाळण्यासारखी हलायची आणि सुकाणूला दाद द्यायची नाही. एका बुधवारी एक मेंढा घसरत घसरत अप्पांच्या इंजिनापाशी गेला आणि गरम नळीला चिकटला. त्याचा वास दोन आठवडे गेला नाही. थोडं वाढवलं की इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांवर सगळ्या फळ्या, काचा, बादल्या आणि म्हाताऱ्यांचे दात एकदम वाजायला लागायचे. त्याच्या पुढं गेलं की लाट.

मधे कुठं तरी बरी जागा होती. पण ती शोधायची कशावरून? साहेबांनी पेल्यात पाणी भरून बाकावर ठेवलं. ते कोणीतरी पिऊन टाकलं. मी प्रवाशांना विचारलं, "बरं वाटतंय का?" सगळे म्हणाले, "बरं हाय की." साहेबाला कोण वाईट म्हणणार?

सापडलं ते कान उघडे ठेवल्यामुळे. एका बुधवारी परतीच्या फेरीत अप्पा काटा थोडा थोडा वाढवत होते. सुरुवातीला लाँच हलत होती तेव्हा बायका गप्प. एका हातानं काठ धरलेला, दुसऱ्या हातानं पाटी. मग फळ्या वाजायला लागल्या तेव्हा एकमेकींशी ओरडून बोलल्या आणि पुन्हा गप्प. आणखी थोडा काटा चढला, खडखड थांबली. आणि कोंडाबाईनं काठ सोडला, पाय लांब केले, पानाची चंची उघडली आणि म्हणाली, "तर मी काय सांगत हुते, त्या सखूच्या सुनंनं..."

सखूच्या सुनेचं काय झालं ते पलीकडचा धक्का येईपर्यंत चाललं. हलक्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

अप्पांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. अप्पांनी बोट ओलं केलं, कपाळाला लावलं, आणि काट्याच्या काचेवर, सुई होती तिथं, भस्माचा एक पट्टा ओढला.

"हितं बाया बोलत्यात," ते म्हणाले. "हेच स्पीड."

त्या पट्ट्यावर आम्ही भोपळ्यानं मोजलं, निशाणांनी मोजलं, भरल्या लाँचनं मोजलं, जाताना आणि येताना मोजून सरासरी काढली. पाच गाठी. तासाला नऊ किलोमीटरच्या आसपास. साहेबांनी आकडा वर कळवला. खरा आकडा होता. आम्ही तो घामानं मिळवला होता, आणि मला त्याचा इतका अभिमान होता की बार्शीला गेल्यावर मी आईलाही सांगितला. आई म्हणाली, "बरं. जेवायला बस."

०

आता तपासणीचा दिवस.

मुंबईहून जे गृहस्थ आले त्यांना आम्ही कॅप्टन म्हणायचो. खरंच होते की नाही, माहीत नाही. पांढरी मिशी, पांढरे बूट, गळ्यात दोरीनं अडकवलेलं स्टॉपवॉच. आयुष्य समुद्रावर गेलेलं. रात्रभर गाडीत अवघडून आले होते आणि उतरल्यापासून आमच्यावर नाराज होते. भोपळा बघून त्यांनी डोळे मिटले. भस्माचा पट्टा बघून म्हणाले, "हे काय आहे?" अप्पांनी खरं ते सांगितलं. कॅप्टननी साहेबांकडे वळून विचारलं, "देशमुख, हे लोक माझी थट्टा करतायत का?"

सकाळी आम्ही त्यांना घेऊन वाडीच्या धक्क्यावर गेलो. बुधवार होता. अख्खी वाडी बाजाराच्या तयारीनं उभी: पाट्या, कोंबड्या, दोन शेळ्या, लोकरीची गाठोडी. त्यांनाही कळलं होतं की आज काय ते ठरणार आहे. एरवी चढताना जी ढकलाढकली व्हायची ती नव्हती. सगळे शाळेच्या पोरांसारखे ओळीनं बसले.

कॅप्टन म्हणाले, "इथं घड्याळ सुरू करतो. पलीकडे लाँच टेकली की बंद करतो. तुमचा आकडा जुळला तर ठीक. नाही जुळला तर पुढच्या आठवड्यात लाँच हलवतो. मग मला काही सांगू नका."

बटण दाबलं. गेनबानं लाँच काढली. अप्पांनी सुई पट्ट्यावर आणून ठेवली.

बायका पहिल्यांदा गप्प होत्या. मग सवय थोडीच सुटते? कोंडाबाईनं पाय लांब केले. सखूच्या सुनेचं अजून मिटलं नव्हतं. सकाळचं ऊन, मागून येणारा गार वारा, इंजिनाची एकसारखी घरघर, आणि त्या हलक्या आवाजात चाललेली गोष्ट. पाटलाच्या वावरावरून आम्ही गेलो तेव्हा मी सहज कॅप्टनकडे पाहिलं.

कॅप्टन झोपले होते.

मान छातीवर, मिशी वाऱ्यावर, मुठीत घड्याळ. घड्याळ चालू.

गेनबानं खुणावलं, अप्पांनी इंजिनाचा जोर काढून घेतला आणि लाँच नेहमीसारखी, कोणाला न कळता, काठाला टेकली. मी घड्याळाकडे झेपावलो. साहेबांनी माझा हात धरला. मुठीतून काढायचं कसं? उठवायचं म्हटलं तर कोंडाबाई मधे आली. पदराखाली कोंबडीची चोच धरून तिनं नुसते डोळे मोठे केले.

मी कुजबुजलो, "मावशी, घड्याळ चालू आहे. जितका वेळ जाईल तितकी आपली लाँच हळू ठरेल."

"चालू दे," ती तशीच कुजबुजली. "निजल्या मानसाला उठवू ने. घड्याळाला काय इचारताय? लाँच ऱ्हायची का न्हाय, ते मानसालाच इचारायचंय."

तिचं ऐकून कोणी उठलं नाही. एकही पाटी उचलली गेली नाही. गेनबानं शेळीच्या तोंडावर स्वतःची टोपी धरली. काठावरचे व्यापारी हाका मारत होते, बाजार भरत होता, चांगले भाव निघून चालले होते, आणि वाडी जागची हलली नाही. साहेब पुन्हा पुन्हा कपाळ पुसत होते. मला त्या प्रत्येक टिकटिकीला लाँच एकेक हात लांब चाललेली दिसत होती.

शेवटी दुसरी शेळी ओरडली.

कॅप्टननी डोळे उघडले. समोर काठ होता. आजूबाजूला तीस-चाळीस माणसं श्वास धरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी मूठ उघडून घड्याळ पाहिलं, मग बाजाराकडे पाहिलं.

"काठ कधी आला?"

"झाला की लई येळ," कोंडाबाई म्हणाली.

"मग उतरला का नाहीत?"

"तुमी निजला व्हता. फळी टाकली असती तर लाँच हालली असती."

"आणि बाजार?"

"बाजार काय, येत्या बुधवारीबी भरंल. लाँच असली म्हंजी झालं."

घड्याळ अजून चालूच होतं. कॅप्टननी ते साहेबांसमोर धरलं. "देशमुख, या हिशेबानं तुमची लाँच बैलगाडीच्याही मागं राहते."

अप्पांनी भस्माच्या पट्ट्याकडे बघून हात जोडले.

कॅप्टननी दोनदा बटण दाबलं. काटा शून्यावर आला. त्यांनी घड्याळ गळ्यातून काढलं, कानाशी धरून हलवल्यासारखं केलं आणि खिशात टाकलं.

"घड्याळ बिघडलंय माझं," ते म्हणाले. "तुमचा आकडा सांगा, तोच लिहितो."